सिसू आणि सावरणं: ह्युगो सिम्बर्गच्या दोन चित्रांतून

फिनलंडचा विषय निघाला की ‘सिसू’ हा शब्द येतोच, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘संकटातून सावरण्याची ताकद’ असा दिला जातो. मला तो अर्थ चुकीचा वाटतो. सिसू आणि सावरणं यांतला फरक मला कळला तो फिनिश चित्रकार ह्युगो सिम्बर्गमुळे.

आधी शब्द पाहू. फिनिश भाषेत ‘सिसुस’ म्हणजे आतला भाग, पोटातली आतडी. सिसू त्यातून आला. आपण ‘जिगर’ म्हणतो तेव्हा मूळ फारसी अर्थ यकृत असतो, तसंच हे. अंगातलं बळ संपलंय, आता थांबावं असं डोकं सांगतंय, आणि तरी पाय पुढे पडतात, ते सिसू. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात छोटा फिनलंड सोव्हिएत फौजांसमोर १०५ दिवस लढला, तेव्हा हा शब्द जगभर पोचला.

सावरणं त्यानंतर सुरू होतं, आणि ते एकट्याने होत नाही. त्याला वेळ लागतो, माणसं लागतात. सिसूवरच सतत जगणारा माणूस मदत मागायचं विसरतो आणि आतून झिजतो.

सिम्बर्गचा जन्म १८७३ चा. विशीत असताना तो रुओवेसीच्या जंगलात चित्रकार आक्सेली गालेन-काल्लेला यांच्याकडे शिकायला गेला. रंगचित्रांइतकंच त्याचं एचिंगवर प्रेम होतं. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यावर रेघ ओढायची, मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. थर निघाला असेल तिथेच ॲसिड धातू खातं. जास्त वेळ ठेवलं तर रेघ खोल जाते, आणि खोल रेघेत शाई जास्त मावते. छापाला काळोख येतो तो पत्र्याच्या या जखमांमधून.

‘मृत्यूची बाग’ त्याने १८९६ मध्ये रंगवली, पुढे तिचं एचिंगही केलं. काळे झगे घातलेले सांगाडे कुंड्यांतल्या रोपांची निगा राखताहेत. एकाने तर रोप छातीशी धरलंय, लहान मूल धरावं तसं. भीती वाटायला हवी, पण मला तिथे शांत वाटतं. रोज पाणी घालायचं, रोज बघायचं. माझ्या लेखी हे सावरण्याचं चित्र आहे.

मग तो स्वतः गंभीर आजारी पडला, कित्येक महिने रुग्णालयात होता. त्यातून उठल्यावर १९०३ मध्ये ‘जखमी देवदूत’ पूर्ण झालं. पंखाला रक्त लागलेली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली देवदूत मुलगी, आणि तिला डोलीसारखं उचलून नेणारी दोन मुलं. पुढचा समोर बघतोय. मागचा थेट आपल्याकडे, कपाळाला आठ्या घालून. हे सिसू. ती बरी होईल का, हे त्या मुलांना ठाऊक नाही. खाली ठेवायचं नाही, एवढंच ठाऊक आहे. सिम्बर्गने या चित्राचा अर्थ कधीच सांगितला नाही, त्यामुळे हे वाचन माझं.

आता सुखाचं. जागतिक आनंद अहवालात २०१८ ते २०२५ सलग आठ वर्षं फिनलंड पहिला आला. तो क्रमांक हसण्या-खिदळण्यावर ठरत नाही. शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचं आयुष्य कुठे आहे, असं लोकांना विचारतात. मोजलं जातं ते समाधान. आणि ते सिसूतून येत असेल असं मला वाटत नाही. पडलो तर कोणी उचलेल, या भरवशातून येत असावं.

तांपेरे या फिनिश गावाच्या कॅथेड्रलमध्ये सिम्बर्गने ही दोन्ही चित्रं पुन्हा भिंतींवर रंगवली. तिथल्या देवदूतामागे त्या गावाच्या कारखान्यांची धुराडी दिसतात. मूळ चित्रात तिच्या हातात पांढऱ्या फुलांचा छोटा गुच्छ आहे. बर्फ वितळू लागलं की तिकडे सर्वांत आधी उमलणारी ही फुलं तिने घट्ट धरून ठेवली आहेत.