पोत्यांसोबत मोजायची टेपही द्या

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतोच. सह्याद्रीपासून समुद्र जवळ, उतार तीव्र, आणि इथला जांभा दगड सच्छिद्र. मुरलेलं पाणीही खालच्या चिकणमातीच्या थरावरून सरकत झऱ्यांवाटे खाडीला मिळतं.

म्हणून पाऊस सरला की पऱ्यावर, व्हाळावर, म्हणजे लहान ओढ्यांवर, वनराई बंधारे घालतात; हे पोत्यांचे तात्पुरते बांध. शाळेची मुलं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरतात, फोटो निघतो, पोहे होतात. काम चांगलंच आहे. पण असं केलं तर मुलं फक्त हमाल होतात, आणि खरी गंमत तिथेच निसटते.

बंधाऱ्याआधी त्यांना प्रवाह मोजू द्या. सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा निवडायचा आणि निम्मी भरलेली बाटली सोडायची. रिकामी सोडली तर वाराच तिला पळवतो. समजा तिला ४० सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला पाव मीटर. तळाशी पाणी घासून मंदावतं, म्हणून ०.८५ ने गुणायचं. पात्र दोन मीटर रुंद, सरासरी १५ सेंटिमीटर खोल असेल तर प्रवाह निघतो सेकंदाला सुमारे ६४ लिटर, दिवसाला ५५ लाख!

आता बंधाऱ्यामागचा साठा मोजा. लांबी ५० मीटर, सरासरी रुंदी ३, खोली अर्धा मीटर, म्हणजे ७५ हजार लिटर. हिशेबाने तो वीस मिनिटांत भरतो, पुढचं सगळं वरून वाहून जातं. "मग बंधारा कशाला, सर?" हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि तो विचारला जावा म्हणूनच एवढी आकडेमोड. बंधारा म्हणजे टाकी नव्हे. त्याच्यामुळे पाण्याची पातळी उंच राहते, काठात पाणी जिरत राहतं, जवळच्या विहिरी उशिरा आटतात. खूण केलेला दोर दर आठवड्याला विहिरीत सोडून हे पडताळता येतं. बंधाऱ्यापासून दूरची एक विहीरही मोजायला हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार?

रचनेतही विज्ञान आहे. पाण्याची उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण जोर चौपट होतो. म्हणून पाया रुंद, माथा अरुंद, आणि पोत्यांचे सांधे वीटकामासारखे एकाआड एक.

पुढच्या पावसाळ्यात पहिल्याच पुरात पोती वाहून जातात, त्यामुळे ती आधीच काढून ठेवावीत. दिवाळीनंतर नववीचा नवा वर्ग पुन्हा बाटली सोडायला मोकळा.