दिव्यातून न गेलेले प्लॅटिनम

विजेच्या दिव्याचा इतिहास बहुधा तंतूच्या, म्हणजे वीज वाहताना तापून उजळणाऱ्या बारीक धाग्याच्या, अंगाने सांगितला जातो. ऑक्टोबर १८७९ मध्ये अमेरिकेत मेन्लो पार्क येथील एडिसनच्या प्रयोगशाळेत कोळसा केलेला सुती दोरा टिकला, पुढच्या वर्षी बांबू आला आणि क्योतोजवळच्या यावाताचा बांबू पुढे अनेक वर्षे वापरात राहिला, ही हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यात एक वाक्य हमखास येते: ‘प्लॅटिनम महाग म्हणून सोडून दिले.’ या वाक्याने फार घोळ घातला आहे.

सोडला गेला तो प्लॅटिनमचा तंतू, आणि त्यालाही किंमत हे एकच कारण नव्हते. पुरेसा उजेड मिळण्याच्या तापमानाला हा धातू वितळण्याच्या बेतात येई आणि त्याचा विजेला होणारा रोधही कमी पडे. दिव्यातले प्लॅटिनम मात्र गेले नाही. निर्वात फुग्यात वीज न्यायची तर तार काचेतून आरपार काढावी लागते. दिवा तापताना-निवताना काच आणि तार सारख्याच प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावली नाहीत, तर सांध्याला तडा जातो, हवा आत शिरते आणि तंतू जळून जातो. तांबे काचेच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. प्लॅटिनमचे प्रसरण काचेशी जुळते. त्यामुळे स्वस्त कोळशाचा तंतू असलेल्या दिव्यातही काचेच्या सांध्यात या महागड्या धातूचे दोन तुकडे असत, आणि ही स्थिती सुमारे तीस वर्षे टिकली.

१८७९ मध्येच अमेरिकेतील सोन्याच्या खाणींच्या परिसरात पत्रे धाडून प्लॅटिनमचा शोध घेतला गेला आणि कॅलिफोर्नियात सोने धुऊन उरलेल्या काळ्या वाळूत ते आढळलेही. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्लॅटिनम रशियातील उरल पर्वतातून येत होते आणि रसायन कारखाने, दंतवैद्य व जवाहिरे यांनाही तेच हवे होते. भाव चढू लागले तसा दिवे बनवणाऱ्यांनी प्लॅटिनमचा तुकडा काचेत रुतणाऱ्या लांबीपुरताच ठेवला आणि पुढे तांबे जोडले.

पर्यायाची वाट निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूंतून निघाली. निकेलचे प्रमाण बदलून प्रसरण हवे तसे राखता येते, हे फ्रान्समध्ये १८९६ नंतरच्या संशोधनातून दिसून आले होते; १९१० नंतरच्या काही वर्षांत अशा मिश्रधातूच्या गाभ्यावर तांब्याचे आवरण चढवलेली तार दिव्यांत आली. माझ्या मते हा बदल १९१० च्या सुमारास साधलेल्या टंगस्टन या धातूच्या लवचीक तंतूइतकाच मोलाचा आहे, पण त्याची दखल क्वचितच घेतली जाते. १९१४ मध्ये युद्ध पेटले, प्लॅटिनम युद्धसामग्रीच्या कारखान्यांकडे वळले आणि १९१७ च्या क्रांतीनंतर उरलचा पुरवठा विस्कळीत झाला. तोवर दिव्यांचा सांधा त्या धातूवर अवलंबून राहिलेला नव्हता. टंगस्टनची ओढाताण मात्र याच काळात सुरू झाली होती, कारण दक्षिण ब्रह्मदेशातील ताव्हॉयचे टंगस्टनचे खनिज तोफगोळे घडवण्याच्या पोलादी हत्यारांसाठीही हवे होते.

घरात जुना गेलेला बल्ब असेल तर आतली काचेची दांडी उजेडात धरून पाहावी. तिच्या चपट्या टोकात दोन बारीक लालसर रेघा दिसतात. ती हीच तार, आणि प्लॅटिनमची जागा तीच.