जुनी डिस्क दुसऱ्याच्या कन्सोलवर चालत नाही?

फोंड्यात कुणी प्लेस्टेशनची, म्हणजे सोनीच्या गेम खेळायच्या कन्सोलची, वापरलेली डिस्क विकायला काढली की शेजारचा हमखास सांगतो, "घेऊ नकोस रे, ती पहिल्या मालकाच्या खात्याला बांधलेली असते." गेली दहा-बारा वर्षं हे ऐकतोय. खरं नाही ते.

या समजुतीचं मूळ बहुधा जून २०१३ मध्ये सापडेल. एक्सबॉक्स वन या आपल्या कन्सोलसाठी मायक्रोसॉफ्टने तेव्हा खरोखरच तसे नियम जाहीर केले होते: गेम खात्याला जोडलेला, दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी, पुनर्विक्री प्रकाशकाच्या मर्जीवर. लोक इतके खवळले की १९ जूनला कंपनीने माघार घेतली. नोव्हेंबरात कन्सोल आला तो या अटींशिवायच. सोनीने तर डिस्कवर तशी अट घातलीच नव्हती. पण घोषणा लक्षात राहिली, माघार विसरली गेली.

बांधलेलं असतं ते वेगळंच. डाउनलोड करून विकत घेतलेला गेम खात्याबाहेर जात नाही. गेमच्या डब्यातला डाउनलोडचा कोड एकदा वापरला की संपला. संगणकाचं तर विचारूच नका: २००४ च्या हाफ-लाइफ २ या गेमचा डबा घेतला तरी तो स्टीम या ऑनलाइन गेम-सेवेच्या खात्यावर नोंदवावा लागे. असा जुना डबा म्हणजे खोबरं काढलेली करवंटी.

आपल्याकडे बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं. तिथून आणलेली पीएस४ ची (प्लेस्टेशन ४ ची) डिस्क इथे चालते. फक्त त्या गेमची डाउनलोड करायची जादा भर (नवे टप्पे, पात्रं वगैरे) त्याच प्रदेशाच्या खात्यावरून घ्यावी लागते. आणि डिस्क घालायची सोयच नसलेला पीएस५ घरात असेल, तर मात्र शेजाऱ्याचं ऐका.