उसने दिलेले पैसे कोर्टातून वसूल करताना

(आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक)

फोर्टच्या आमच्या ऑफिसात येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "केस किती वर्षं चालेल?" आम्ही उलट विचारतो: समोरचा नोकरीला कुठे आहे, खातं कोणत्या बँकेत आहे, खोली त्याच्या नावावर आहे की बायकोच्या? कारण हुकूमनामा (पैसे द्या असा कोर्टाचा निकाल) झाला म्हणजे पैसे आले असं नाही. वसुलीसाठी वेगळी दरखास्त, म्हणजे कोर्टात अर्ज, लावावी लागते आणि जप्ती कशावर आणायची, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. दरखास्तीला 12 वर्षांची मुदत असते, पण तेवढ्यात माणूस खोली विकून मोकळा होतो.

पगारावर जप्ती येते, पण पूर्ण पगारावर नाही. पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश कर्जदाराकडेच राहतात. पगार 40,000 असेल तर महिन्याला फार तर 13,000 मिळतील, तेही एका हुकूमनाम्यापोटी 24 महिनेच. पीएफला हात लावता येत नाही.

आता मुदत. हातउसन्या रकमेचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. "गणपती झाले की देतो, दिवाळीला नक्की" हे ऐकता ऐकता लोक चौथ्या वर्षी येतात आणि मग आमच्याही हातात फारसं काही नसतं. मुदत संपण्याआधी कर्जदाराने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून 3 वर्षं नव्याने मोजतात. तेव्हा तो सवलत मागायला आला की चहा जरूर पाजा, पण रक्कम, तारीख आणि सही एवढं कागदावर घ्या.

चेक परत आला असेल तर घड्याळ आणखी वेगाने पळतं. बँकेचा रिटर्न मेमो (चेक न वटल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे द्यायला त्याला 15 दिवस, त्यानंतर महिनाभरात मॅजिस्ट्रेटकडे तक्रार. मेमो पाकिटात ठेवून विसरू नका.

लेखी करार किंवा प्रॉमिसरी नोट (पैसे परत देण्याची सहीची वचनचिठ्ठी) असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 37 खालची समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा, लावता येते. समन्स मिळाल्यावर प्रतिवादीने 10 दिवसांत हजर व्हायचं असतं, आणि बचाव मांडायचा तर आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते. 2024 पासून मुंबईत 10 कोटींपर्यंतचे दावे हायकोर्टात न जाता सिटी सिव्हिल कोर्टात चालतात. गाडी अडते ती समन्सपाशी. बेलीफ (समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस) पत्त्यावर जातो, दाराला कुलूप; शेजारी सांगतात, "ते तर कधीच विरारला गेले." चालू पत्ता शोधून ठेवलात तर निम्मी धावपळ वाचते.

एक गोष्ट स्पष्टच विचारतो, राग मानू नका. परवान्याशिवाय चार-पाच जणांना व्याजाने पैसे फिरवत असाल तर आधी सांगा. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकाराला हुकूमनामा मिळत नाही, उलट त्याच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. मित्राला अडीनडीला एकदा दिलेली रक्कम ही सावकारी नव्हे.

पहिल्या भेटीला बँकेचं स्टेटमेंट, मूळ चेक आणि मेमो, सह्यांचे कागद आणा. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज फोनमध्येच ठेवा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, कोर्टात सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि मूळ प्रॉमिसरी नोट कृपा करून लॅमिनेट करू नका.