गुलमर्गचा बर्फातला मुक्काम आणि मुदत संपलेले भाडेपट्टे : पार्श्वभूमी

सातारा, सांगली, कराड, मिरज या भागातून काश्मीरला जाणाऱ्या कुटुंबांचा गुलमर्ग आजवर बहुधा एका दिवसात उरकत असे. सकाळी श्रीनगरहून निघायचे, पायथ्याच्या टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि जाड कोट अंगावर चढवायचे, वर गोंडोल्यात, म्हणजे रोप-वेच्या पाळण्यात बसायचे आणि अंधार पडायच्या आत खाली परतायचे. श्रीनगर ते गुलमर्ग हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर असल्यामुळे वर रात्र काढण्याची गरजही भासत नसे. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र 'एक रात्र बर्फात, चांगल्या हॉटेलात' ही मागणी आपल्याकडूनही होऊ लागली आहे. त्याच काळात त्या हॉटेलांखालची जमीन कोणाची, हा वाद चिघळत गेला. 'भाडेपट्टा संपलेली हॉटेले' हे शब्द बातम्यांत आले की त्यांचा अर्थ 'बेकायदा हॉटेले' असा सरसकट घेतला जातो. तो अर्थ चुकीचा का आहे, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

गौरीमार्गाचे गुलमर्ग कसे झाले, सोळाव्या शतकातल्या सुलतानाने ते नाव कसे दिले आणि मोगल बादशहाने तिथली फुले कशी मोजवली, या गोष्टी प्रत्येक सहलीत ऐकायला मिळतात. मुक्कामाच्या इतिहासासाठी महत्त्वाची गोष्ट एवढीच की हे ठिकाण इंग्रज साहेबांच्या काळात उन्हाळ्याचे होते. जून ते सप्टेंबर तिथे गोल्फ चाले, लाकडी बंगल्यांतून वर्दळ असे आणि बर्फ पडू लागले की दारे लावून सगळे खाली उतरत. महाबळेश्वर जाणणाऱ्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. तिथे पावसाळा हा बंद ऋतू होता. बंगल्यांच्या भिंतींना बाहेरून गवताचे कूड बांधून माणसे वाईकडे किंवा साताऱ्याकडे उतरत. दोन्ही ठिकाणी ज्या ऋतूला घाबरून माणसे खाली येत, त्याच ऋतूत आज खोल्यांचे दर चढतात. गुलमर्गच्या बाबतीत हा बदल अधिक खर्चाचा ठरला, कारण पावसापासून बचावायला छप्पर आणि कूड पुरतात, परंतु सुमारे २,६५० मीटर उंचीवर जानेवारीची रात्र काढायची तर इमारतच मुळात वेगळी बांधावी लागते.

आपल्याकडे वेण्णा तलावाच्या काठी, बोटींच्या फळ्यांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पहाटे दहिवर गोठते आणि 'महाबळेश्वरला हिमकण' अशी बातमी दरवर्षी येते. ते पाहायला साताऱ्याहून माणसे मुद्दाम जातात. परंतु गोठलेले दहिवर वेगळे आणि छपरावर हातभर साचलेला बर्फ वेगळा. गुलमर्गला पत्र्याची छपरे तीव्र उताराची असतात, जेणेकरून साचलेला बर्फ आपल्या वजनानेच घसरून पडावा. पाणी वाहते राहिले तर नळ गोठत नाही, म्हणून रात्री तो बारीक धारेने चालू ठेवतात. जुन्या लाकडी हॉटेलांत खोलीच्या मध्यभागी बुखारी असते. लाकडावर चालणारी ही लोखंडी शेगडी पहाटे नोकर येऊन पेटवतो. ती पेटल्यावर अर्ध्या तासात खोली ऊबदार होते आणि लाकूड संपले की तितक्याच वेगाने गार पडते.

स्कीइंगचा प्रारंभ १९२७ सालच्या एका क्लबपासून सांगितला जातो. त्याच वर्षी जम्मू-काश्मीर संस्थानाच्या दरबाराने 'राज्याचा प्रजाजन' कोण, याची व्याख्या अधिसूचनेने पक्की केली आणि बाहेरच्या माणसाला तिथे जमीन घेणे जवळजवळ अशक्य झाले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण गुलमर्गचा पुढचा सगळा गुंता या दोन धाग्यांचाच आहे. एका बाजूला बर्फावर येणारा बाहेरचा पाहुणा, दुसऱ्या बाजूला बाहेरच्याला न मिळणारी जमीन. स्वातंत्र्यानंतर लष्कराने तिथे बर्फातील प्रशिक्षणाची शाळा काढली, १९६०च्या दशकाच्या अखेरीस नागरिकांना स्कीइंग शिकवणारी सरकारी संस्था आली, आणि त्याच दशकात हिवाळ्यातही राहता येईल अशी मोजकी हॉटेले उभी राहिली. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने दोन रात्री काढून जम्मू गाठणारा आणि पुढे बसने बोगदा ओलांडणारा मराठी प्रवासी बहुतेक मे महिन्याच्या सुट्टीतलाच होता. हिवाळ्याचे गुलमर्ग त्याच्या वाट्याला येत नव्हते.

खरा बदल गोंडोल्याने घडवला. फ्रेंच तंत्राच्या या रोप-वेचे काम १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, दहशतवादामुळे थांबले, आणि कोंगडोरी या मधल्या स्थानकापर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. २००५ मध्ये दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत गेला. एवढ्या उंचीवर पाळण्याने पोचता येते आणि तिथून न तुडवलेल्या बर्फावर उतरता येते, हे कळल्यावर युरोप-ऑस्ट्रेलियातले स्कीपटू येऊ लागले. हा पाहुणा एका दिवसाचा नव्हता. तो आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस राहणारा, संध्याकाळी ओले बूट वाळवायला गरम खोली मागणारा होता. त्याच्यासाठी आधी जुन्या हॉटेलांनी डागडुजी केली आणि २०१२च्या डिसेंबरात मध्यवर्ती उष्णता, बंदिस्त तरणतलाव आणि स्पा असलेले मोठे आलिशान हॉटेल उघडले. गोंडोल्यापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर होते. काश्मीरबाहेरच्या श्रीमंत मध्यमवर्गाला बर्फातला मुक्काम सुखाचा असू शकतो, हे तिथून पुढे समजले.

अशा हॉटेलांच्या जाहिरातीतल्या 'लक्झरी' या शब्दाबद्दल एक खुलासा येथे करणे योग्य होईल. सातारा-सांगलीत लक्झरी म्हणजे रात्री मुंबईला निघणारी खासगी बस. जाहिरातीतल्या लक्झरीला कायद्याची व्याख्या नाही. तारांकित दर्जा मिळवणे हॉटेलाला ऐच्छिक असते. व्यवहारात रेष ओढली आहे ती करआकारणीने. खोलीचा दर रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर गेला की १ ऑक्टोबर २०१९ पासून १८ टक्के जीएसटी लागतो, आणि त्या मर्यादेपर्यंतच्या खोल्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के लागतो. हिवाळ्याच्या ऐन हंगामात बुखारीची खोलीही ७,५००च्या पुढे जाऊ शकते, त्यामुळे १८ टक्के लागले म्हणजे खोली आलिशान असेलच असे नाही.

आता भाडेपट्ट्याकडे. गुलमर्गच्या हॉटेलांखालची जमीन मुख्यतः सरकारची आहे आणि ती १९६०च्या जमीन-प्रदान कायद्याने, किंवा त्याही आधीच्या दरबारी पट्ट्यांनी, ठरावीक मुदतीसाठी दिलेली आहे. इमारत पट्टेदाराने बांधायची, जमीन सरकारची राहायची. महाबळेश्वरचा इतिहासही असाच आहे. १८२९ साली साताऱ्याच्या छत्रपतींकडून ती डोंगरमाथ्याची जमीन इंग्रजांनी खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली आणि पुढे तिचे तुकडे बंगल्यांसाठी पट्ट्याने दिले गेले. त्या मिळकतींची मुदत, नूतनीकरण आणि शर्तभंग यांवरून होणारे वाद साताऱ्याच्या वाचकाला नवे नाहीत. आपल्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ (पूर्ण हक्काचा), वर्ग २ (विक्रीवर शर्ती असलेला) आणि सरकारी पट्टेदार असे वेगवेगळे लिहिले जाते. पट्टेदार मालक नसतो हे आपल्याला कळते, आणि तो अतिक्रमणदारही नसतो हेही कळते. काश्मीरच्या बातम्यांत नेमका हाच फरक पुसला गेला.

त्याचे एक कारण म्हणजे 'रोशनी' नावाने ओळखला गेलेला २००१चा कायदा. सरकारी जमिनीवर आधीपासून ताबा असणाऱ्यांना पैसे भरून ती नावावर करून द्यावी आणि त्या पैशांतून वीजप्रकल्प उभारावेत, म्हणून ते नाव. त्यातून प्रभावशाली लोकांनी मोक्याच्या जमिनी लाटल्याचे आरोप झाले, त्यांत गुलमर्गचेही नाव आले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला. त्याच महिन्याच्या अखेरीस तेथील जमीन खरेदीसाठी स्थानिक रहिवासाची अट केंद्राने काढली, शेतजमिनीचे निर्बंध वेगळे ठेवून. त्यामुळे पुढे पट्ट्यांचा प्रश्न आला तेव्हा तीन गोष्टी एकत्र झाल्या : ताबा मारलेली जमीन, रोशनीखाली नावावर झालेली जमीन आणि रीतसर करार करून घेतलेली, पण मुदत संपलेली जमीन. यांतली तिसरी पहिल्या दोहोंच्या जातीची नाही, आणि एकाच वाक्यात तिन्हींना 'बळकावलेली' म्हणणे अन्यायाचे आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जमीन-प्रदानाचे नवे नियम आले. जुन्या नियमांत ९९ वर्षांपर्यंतचे पट्टे होते, नव्यांत ४० वर्षे झाली. मुदत संपलेल्या पट्ट्यांचे नूतनीकरण होणार नाही. निवासी वापराचा अपवाद सोडता जुन्या पट्टेदाराने जागा सरकारकडे सोपवायची, आणि नंतर तिचा ऑनलाइन लिलाव होणार. करार करण्यास पात्र असलेला कोणीही त्यात बोली लावू शकतो. सरकारची बाजू अशी की मोक्याच्या जागा नाममात्र भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यांकडे राहिल्या, सरकारला त्यातून काही मिळाले नाही आणि नव्या उद्योजकाला दारच नव्हते. ही बाजू वजनदार आहे आणि ती नाकारता येत नाही.

तरीही प्रश्न उरतो तो वेळेचा आणि पद्धतीचा. ज्या हॉटेलवाल्यांनी १९९०च्या दशकात, दहशतवादामुळे पाहुणा जवळजवळ नसताना, छपरावरचा बर्फ झाडत इमारती जपल्या, त्यांच्या नूतनीकरणाचे अर्ज आधीच्या काळात नुसते पडून राहिले असतील तर मुदत संपण्याचा दोष एकट्या पट्टेदारावर टाकता येत नाही. आपल्या राज्याने २०१९च्या नियमांनी काही प्रकारच्या वर्ग २ व पट्ट्याच्या जमिनींना अधिमूल्य भरून वर्ग १ होण्याची वाट दिली. तीही निर्दोष नाही, पण वाट होती. काश्मीरमध्ये जुन्या पट्टेदाराला लिलावात बोली लावण्यापलीकडे फारसे काही ठेवले नाही. याचा परिणाम पाहुण्याच्या खोलीपर्यंत येतो. उद्या जागा हातात राहील की नाही हे माहीत नसलेला मालक नवा बॉयलर, दुहेरी काचेच्या खिडक्या किंवा मध्यवर्ती उष्णतेची नळजोडणी यांवर पैसा घालण्यास कचरतो आणि बुखारी, रजई आणि विजेची चादर यांवर दिवस काढतो. स्वयंपाकी, घोडेवाले, स्लेज ओढणारे आणि स्की भाड्याने देणारे यांचा पट्ट्याशी संबंध नसला तरी त्यांची रोजी त्याच इमारतींवर आहे.

लिलावात बाहेरच्यांना वाव मिळाल्याने स्थानिकांची भीती वाढली आणि ती समजण्यासारखी आहे. पाचगणी-महाबळेश्वरचे जमीनमालक पुण्या-मुंबईच्या पैशापुढे कसे मागे सरले हे आपण पाहिले आहे. तिथे निदान २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची बंधने आली. महाराष्ट्र सरकारने स्वतः २०२४ मध्ये काश्मीरच्या बडगाम जिल्ह्यात महाराष्ट्र भवनासाठी अडीच एकर जमीन ८.१६ कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले, तेव्हा इथे त्याचे स्वागत झाले. तिकडे त्याच बातमीचा अर्थ वेगळा लागला.

दरम्यान बर्फाचा भरवसाही कमी झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते, हिमवर्षाव महिन्याच्या अखेरीस झाला. २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या राष्ट्रीय हिवाळी क्रीडा स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांवर झालेल्या हल्ल्यात महाराष्ट्रातली माणसेही गेली आणि आपल्याकडच्या सहली थांबल्या.

सांगली जिल्ह्याचा मात्र काश्मीरशी सहलीपलीकडचा एक संबंध आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, देशभर पसरले, तसे श्रीनगरातही स्थिरावले. सराफ बाजारात त्यांच्या भट्ट्या आहेत, आणि ते तिथे गणपती बसवतात. रस्ता उघडा आहे का, टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळी लावावी लागते आहे का, वर खरोखर बर्फ आहे का, हे गावाकडच्या माणसाला जाहिरातीपेक्षा त्यांच्या फोनवरून नेमके कळते. हॉटेल कोणत्या पट्ट्यावर उभे आहे हे आरक्षणाच्या पावतीवर छापलेले नसते. त्याचीही चौकशी करायची तर आज तरी तिथे राहणाऱ्या माणसाकडूनच करावी लागते.