समुद्राखाली तेलाचा तलाव? नाही हो!
"समुद्राखाली तेलाचे तलाव आहेत, उपसले की पोकळी राहते" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. शाळेतल्या चित्रातपण काळं डबकंच असायचं म्हणा. पण तेल असतं दगडाच्या बारीक छिद्रांत. अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचंच घ्या, किनाऱ्यापासून साधारण १६० किमी, १९७४ मध्ये सापडलं. भारताचा भूभाग सेशेल्स बेटांपासून तुटताना पृथ्वीचं कवच ताणलं, खचलं, त्या खोलगटात गाळ साचत गेला, त्यातले जीव-वनस्पतींचे अवशेष उष्णतेनं शिजून तेल झालं, ते वर सरकत चुनखडीत शिरलं आणि वर शेलचं, म्हणजे चिकणमातीच्या घट्ट खडकाचं, झाकण म्हणून तिथंच अडकलं. तपासायचंय? कोरड्या विटेवर चमचाभर पाणी ओता, जिरतं, पण वीट पोकळ कुठंय? आणि तेल काढलं की त्या छिद्रांत बहुतेक पाणीच शिरतं, कधीकधी तर ते मुद्दाम पंपानं आत सोडतात.