आइस्क्रीममधला ‘गम’ आतड्यांना चिकटतो?
‘आइस्क्रीममध्ये चिकटवायचा गम घालतात, तो आतड्यांना चिकटून बसतो’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. डब्यावर ‘स्टॅबिलायझर’पुढचा आकडा बघा. ४१२ असेल तर तो ग्वार गम, म्हणजे गवारीच्या बियांची पूड. ती पाण्यात फुगते, म्हणून आइस्क्रीममध्ये बर्फाचे मोठे खडे होत नाहीत. आपल्याला ती पचत नाही, एवढं खरं. पण ती चिकटून राहत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिला आंबवतात. जास्त पोटात गेली तर गॅस होतो. खरा धोका दिसला तो वजन घटवायच्या गोळ्यांत: कोरडा ग्वार गम अन्ननलिकेतच फुगून अडकल्याची उदाहरणं आहेत. आइस्क्रीममध्ये तो आधीच भिजलेला असतो, तोही साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत.